व्यापारी कोण, मजूर कोण? व्हिसाच्या एका व्याख्येचा इतिहास

जपानने १६ ऑक्टोबर २०२५ पासून ‘बिझनेस मॅनेजर’ व्हिसाचे नियम कडक केले. आधी ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी, यांपैकी एक दाखवलं की चालायचं. आता भांडवल ३ कोटी येन हवं, शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि दोघांपैकी कुणाला तरी चांगलं जपानी यायला हवं. हे वाचताना मला अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांचं प्रकरण आठवलं. संशोधनाच्या तयारीत असाल तर ते जरूर समजून घ्या.

१८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक यांना सूट होती. मग प्रश्न आला, व्यापारी म्हणायचं कुणाला? १८९३ च्या दुरुस्तीने व्याख्या दिली: ठरावीक जागी, स्वतःच्या नावाने मालाची खरेदी-विक्री करणारा, आणि धंद्यापुरतं अगदी गरजेचं तेवढं सोडलं तर अंगमेहनत न करणारा. मायदेशी जाऊन परत येणाऱ्याने निघण्याआधीचं वर्षभर आपण असेच होतो हे दोन साक्षीदारांकडून सिद्ध करायचं. साक्षीदार चिनी चालत नसत!

आता आपल्या गल्लीतला किराणावाला डोळ्यांसमोर आणा. पोती तोच उतरवतो, पुड्या तोच बांधतो, उधारीची वहीही तोच लिहितो. लहान धंद्यात मालक आणि मजूर बहुतेक वेळा एकच माणूस असतो. कायद्याला मात्र दोन वेगळी माणसं हवी होती. त्यामुळे लाँड्रीवाले आणि खाणावळवाले मजुरांत ढकलले गेले. यात घरदार पणाला लागलेलं होतं, कारण व्यापाऱ्याला बायको आणि लहान मुलं आणता येत (१९०० साली सुप्रीम कोर्टाने तसं मान्य केलं), मजुराला नाही.

१९१५ मध्ये एका फेडरल कोर्टाच्या निकालाने रेस्टॉरंट चालवणाऱ्यालाही व्यापारी ठरण्याची वाट मिळाली. पुढचं हेदर ली या इतिहासकार बाईंच्या संशोधनातून कळतं. सूट मिळायची ती मोठ्या भागीदाराला, आणि तीही त्याने वर्षभर फक्त व्यवस्थापन केलं तर. स्वयंपाक नाही, वाढप नाही, गल्ल्यावर बसणंही नाही. मग लोकांनी पैसे एकत्र करून मोठी रेस्टॉरंटं काढली आणि मॅनेजरची खुर्ची आळीपाळीने घेतली. एकाचं काम झालं की दुसरा. न्यूयॉर्कमध्ये १९१० ते १९२० दरम्यान चिनी रेस्टॉरंटं चौपट झाली. अमेरिकनांना चॉप सुई आवडली हे खरंच, पण नुसत्या जिभेवर हा आकडा टाकता येत नाही.

आता आपल्या कामाचा भाग. त्या काळच्या चौकशीच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत भागीदारांच्या याद्या आहेत, उलटतपासण्या आहेत. अमुक मॅनेजरने कधी भांडं घासलं का? नाही, कधीच नाही. हे उत्तर शंभर फायलींत सापडलं म्हणून ‘चिनी मालक हाताने काम करत नसत’ असं लिहून मोकळं व्हायचं का? मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे मला लगेच तराजू आठवतो. झिरो एरर तपासल्याशिवाय आपण वजन लिहीत नाही. इथे एरर प्रश्नातच आहे. उत्तर देणाऱ्याला कुठलं उत्तर चालणार हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणून अशा फायली वाचताना मी वहीत दोन रकाने करते: विचारलं काय, आणि हे उत्तर दिलं नसतं तर काय झालं असतं.

जपानमध्येही हीच अडचण येणार. नुसत्या कागदावरच्या कंपन्या रोखायच्या, असं तिथल्या सरकारचं म्हणणं आहे. उद्या अर्ज घटले की ‘बोगस कंपन्या गेल्या’ असा निष्कर्ष सहज निघेल. पण नेपाळी कुटुंबाने चालवलेलं आणि ‘इंडियन करी’ची पाटी लावलेलं खरंखुरं छोटं हॉटेल बंद पडलं, तर तेही त्याच घटीत मोजलं जाईल, आणि मालकाने अर्जच न केल्यामुळे त्याची फाईल कुठेच नसेल. जुन्या व्हिसाधारकांना तीन वर्षांची मुदत आहे, ती ऑक्टोबर २०२८ मध्ये संपते. कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर मेनूकार्डं, भाड्याच्या पावत्या, मालकांच्या मुलाखती आत्तापासूनच जमवायला हव्यात.