सावित्रीबाईंचा यशवंत आणि आमच्या वन्सं

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लिहिणे म्हणजे वाण्याची यादी. पण गेल्या श्रावणात शेजारच्या इमारतीतील एका जोडप्याने संस्थेतून मुलगी आणली, आणि मंगळागौरीच्या रात्री फुगड्यांपेक्षा त्या मुलीच्या जातीकुळाचीच चर्चा अधिक झाली. ते ऐकून मला झोप आली नाही. मुलुंडच्या सेवा संघाच्या वाचनालयातून पुस्तके आणून जे वाचले आणि आमच्या घरात जे घडले, ते जमेल तसे मांडते. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

दत्तक ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. साताऱ्याचे राज्य 1848 साली खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून. झाशीच्या राणीने दामोदररावास मांडीवर घेतले ते 1853 साली. बडोद्याच्या गादीवर 1875 साली नाशिककडील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक गेला, तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. पण या सर्व दत्तकांत एक गोष्ट सारखी होती. दत्तक घ्यायचा तो मुलगाच, आणि तोही गादी चालावी, वंश राहावा, पिंडाला पाणी मिळावे म्हणून. मुलाला आईची गरज आहे, हा विचार त्यात नव्हता. शिवाय मूल द्यायचे ते त्याच्या आईने वा बापाने. ज्याचे आईबाप कोण हेच ठाऊक नाही, त्याला देणार कोण? म्हणजे ज्या मुलाला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच हे दार बंद!

हे दार पुण्यात एका जोडप्याने उघडले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी लहानपणीच विधवा झालेल्या मुलींचे केशवपन होई, पुन्हा लग्न नाही, आणि कोणाच्या पापाने दिवस गेले तर विहीर जवळ करायची किंवा जन्मलेल्या जिवाचा गळा दाबायचा. अशा स्त्रियांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी सोय या दोघांनी केली. त्यांतीलच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला 1874 साली मुलगा झाला. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी तो मुलगा घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

भगिनींनो, मूल घरात घेणे ही एक दिवसाची गोष्ट. ते निभावणे जन्माचे. हा मुलगा विधवेचा म्हणून त्याला मुलगी द्यायला कोणी पुढे येईना. अखेर 1889 साली ज्ञानोबा ससाणे यांनी आपली राधा त्याला दिली. पुढच्याच वर्षी, 28 नोव्हेंबर 1890 रोजी, जोतीराव वारले. तेव्हा यशवंताने मडके धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. सावित्रीबाईंनी ते मडके स्वतःच्या हातात घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. पुढे यशवंत डॉक्टर झाला. 1897 साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर दवाखाना घातला. मायलेक दोघे मिळून रोग्यांची सेवा करीत होते. त्यातच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. असा मुलगा पोटचा नव्हता म्हणायचे कोणाच्या तोंडाने?

यशवंताच्या जन्माच्या दुसऱ्याच वर्षी, 1875 साली, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरास बालकाश्रम काढला. त्यात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांचा पुढाकार होता. वारीच्या गर्दीत सोडलेली कितीतरी मुले तेथे वाढली. मुंबईत 1927 साली माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम सुरू झाला. आपल्या उपनगरात अंधेरीस सेंट कॅथरिन्स होममध्ये मदर अॅना ह्यूबर्टा या जर्मन जोगिणीने अनाथ मुलांसाठी जन्म घालवला.

कायदा मात्र फार सावकाश चालला. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि पत्नीची संमती लागू लागली. 1962 साली दुरुस्ती झाली, की टाकलेले किंवा आईबाप अज्ञात असलेले मूल त्याच्या पालकाने, म्हणजे संस्थेनेही, कोर्टाच्या परवानगीने दत्तक द्यावे. सावित्रीबाईंनी जे 1874 साली केले, त्याला कायद्याचे दार असे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पुरते उघडले. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांना तर तेव्हाही केवळ पालकत्व मिळे. त्यांचीही सोय 2000 चा बालन्याय कायदा आणि त्याची 2006 ची दुरुस्ती यांनी झाली.

आता आमच्या घरचे सांगते. माझ्या सासूबाई मुलुंडला चाळीत राहात. मामंजी कारखान्यात कामाला. 1980 च्या सुमारास मुंबईतील एक संस्था तान्ही मुले दत्तक जाईपर्यंत घरोघरी सांभाळायला देत असे. दुधाचे डबे, कपडे आणि थोडे पैसे संस्था देई. डॉक्टर तपासायचे. सासूबाईंना एकच मुलगा, म्हणजे आमचे हे. त्यांनी तीन मुले अशी सांभाळली आणि निरोप देऊन परत दिली. प्रत्येक वेळी दोन दिवस चूल पेटली नाही, असे मामंजी सांगत.

चौथी मुलगी आली तिचे एक पाऊल आत वळलेले होते. सासूबाई तिला काखोटीला मारून लोकलने परळला वाडिया हॉस्पिटलात प्लास्टर घालायला नेत. बघायला जोडपी येत. कोणाला मुलगा हवा, कोणाला गोरी हवी, कोणी पाय बघूनच उठे. चौदाव्या महिन्यात सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "इतक्यांनी पाहून नाकारली. आता आपण पाहू या." घरात मुलगी नव्हती म्हणून कायद्याची अडचण आली नाही. कोर्टाच्या खेपा झाल्या आणि ती मुलगी आमच्या घरची झाली. त्याच माझ्या धाकट्या वन्सं.

चाळीत बारशाला निम्म्याच बायका आल्या. नवरात्रात कुमारिकेच्या पानावरून त्यांना एकदा उठवले गेले. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, आणि ते पान त्यांना अजून आठवते. लग्नाच्या वेळी नातेवाईक म्हणाले, "सांगायची काय गरज?" सासूबाईंनी प्रत्येक स्थळाला पहिल्या भेटीतच सांगितले. दोन स्थळे परत गेली. तिसऱ्याने विचारले, "मुलीला हे ठाऊक आहे ना?" ठाऊक होते, चार वर्षांच्या असल्यापासून. तेथेच लग्न ठरले. शेवटच्या दुखण्यात सासूबाईंचे सर्व केले ते वन्संनीच. मी सून, शेजारी उभी होते. पण त्यांचे डोळे दाराकडे लागत ते लेकीसाठी.

हल्ली सर्व नोंदणी सरकारी पद्धतीने होते आणि मूल मिळायला जोडप्यांना तीन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. तिकडे सहा वर्षांवरची किंवा अपंग मुले मात्र संस्थेतच मोठी होतात. 2024 च्या नियमांनी अशा मुलांना काही काळ घरी सांभाळणारे कुटुंब, सारे नीट जुळले तर, दोन वर्षांनी त्यांना दत्तक घेऊ शकते; एकट्या बाईलाही ही मुभा आहे. आपल्या सरकारच्या बालसंगोपन योजनेला तर आता सावित्रीबाईंचेच नाव आहे.

म्हणजे दार कायद्याने उघडले. उंबरठा मात्र आपल्याकडे आहे. आपल्या हळदीकुंकवाचा, आपल्या कुमारिकेच्या पानाचा. शेजारच्या त्या मुलीची जन्मकथा तिची आहे. ती केव्हा आणि कशी सांगायची ते तिचे आईबाप ठरवतील. आपण ती जिन्यात सांगू नये. येत्या नवरात्रात मी तिला कुमारिका म्हणून बोलावणार आहे. वन्संही येणार आहेत, आणि तिच्या पानात पहिली पुरी त्याच वाढणार आहेत. आपणही यावे, ही विनंती.