वाघाच्या पोटातली पेटी

देवनहळ्ळीला लोक टिपू सुलतानाचं जन्मस्थान बघायला येतात. 1751 चा जन्म. किल्ल्याजवळ खांबांचा छोटासा मंडप आणि पाटी. मी पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा; मला तिथं आठवतो त्याचा लाकडी वाघ. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि तो इंग्रजांच्या हाती लागला. आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हँडल फिरवलं की खाली पडलेला गोरा कण्हतो, आणि कुशीतली झडप उघडली की आत चक्क ऑर्गन! त्याचं बटण हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच.

आमच्या पेटीचंही तेच. जोर पट्टीत नसतो, भात्यावरच्या डाव्या हातात असतो. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांनी त्याच पेटीतून गायकी काढून दाखवली. तरी मींड, म्हणजे सुरातून सुरात अखंड घसरत जाणं, निघत नाही म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला हद्दपार केलं. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. शिक्षा जरा जास्तच झाली, असं माझं मत.

पट्टीतच जोर आला तो विजेच्या पेट्यांत. यामाहाच्या सीएस-80 सिंथेसायझरमध्ये (1977) प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे दाब ओळखे. सूर लागल्यावर बोट आणखी रुतवलं की तोच सूर फुगायचा, शेजारचे जागच्या जागी. पण धूड उचलायला माणसं लागत. 1983 च्या डीएक्स-7 नं सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच दाब ठेवला, आणि बहुतेक कीबोर्ड त्याच वाटेनं गेले. 2018 मध्ये मिडी या विजेच्या वाद्यांच्या भाषेच्या एमपीई प्रमाणाला मान्यता मिळाली: आता प्रत्येक सुराचा दाब आणि घसीट वेगळी पाठवता येते. म्हणजे मींडही आली. फक्त माझ्या डाव्या हातानं तिथं काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नाही.