पैनगंगेच्या दोन तीरांवरील प्राप्तिकर

परदेशी राहणाऱ्या माणसाने प्राप्तिकर कोणत्या सरकारास द्यावा आणि त्याचा अजमास कसा बांधावा, हा प्रश्न समुद्र ओलांडून जाणाऱ्यांचाच आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत फारशी टिकत नाही. या जिल्ह्यातील वकील, अडते, सावकार आणि जिनवाले आपापल्या ओसरीवर बसूनच कायद्याच्या दृष्टीने परमुलखात राहत होते. त्यांच्यावर आकारला जाणारा प्राप्तिकर मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याचा होता.

हा चमत्कार कसा घडला, हे समजण्यास १८५३ सालापर्यंत मागे जावे लागते. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च भागविण्यासाठी निजामाने त्या वर्षीच्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. मुलूख दिला, मालकी दिली नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला आणि वर्षास २५ लक्ष रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढील वर्षी त्याचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला. १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले आणि पुसद तालुका त्यास जोडला गेला. निजाम उस्मान अली खान यांनी १९२३ साली वऱ्हाड परत मागितला. लॉर्ड रीडिंगने १९२६ साली ती मागणी साफ फेटाळली. तरीही १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करावे लागले आणि त्यांच्या वारसास ‘वऱ्हाडचे युवराज’ हा किताब मिळाला. कूळ घरात नांदते आहे आणि मालक केवळ दारावरच्या पाटीपुरता उरला आहे, असाच हा प्रकार होता. परंतु मालक वेगळा असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप चालत नसत. ते जाहीरनाम्याने लागू करावे लागत.

प्राप्तिकर या देशात १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. तो १८६५ साली उठला आणि अनेक रूपांतरांनंतर १८८६ च्या कायद्याने स्थिरावला. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात याचा अर्थ फार मोठा होता. कापूस शेतकऱ्याच्या गाडीत असेपर्यंत त्यावरील नफ्यास प्राप्तिकर नाही. तोच माल अडत्याच्या काट्यावर चढला, जिनात सरकी वेगळी झाली, की तेथून पुढच्या नफ्यावर कर. शेतकऱ्याला दिलेली ही सूट औदार्याची म्हणता येत नाही, कारण शेतसारा त्याच्याकडून आधीच वसूल होत असे.

१९२२ च्या कायद्याने खरा पेच उभा राहिला. बाहेरच्या मुलखात व्यापारात झालेला नफा ब्रिटिश मुलखात आणला तरच त्यावर कर, आणि तोही नफ्याचे वर्ष संपल्यापासून तीन वर्षांच्या आत आणला तर, असा त्यात नियम होता. कराच्या कामापुरते वऱ्हाड ब्रिटिश मुलखात धरले जाई. पैनगंगेपलीकडचे हदगाव मात्र ‘बाहेर’ होते. कागदोपत्री दोन्ही तीरांचा धनी एकच, निजाम! माहूरच्या रेणुकेच्या दर्शनास नदी ओलांडणाऱ्या भाविकास याची वार्ताही नसे. व्यापाऱ्यास मात्र ती असावी लागे.

समजा, उमरखेडच्या एका अडत्यास १९२२-२३ साली घरच्या धंद्यात ४,५०० रुपये कलदार मिळाले आणि हदगावच्या व्यवहारात ७,००० रुपये हाली सिक्का मिळाले. हैदराबादचे नाणे निराळे होते. ढोबळ मानाने सात हालीचे सहा कलदार होत. म्हणजे पलीकडचा नफा ६,००० कलदार. तो पलीकडेच ठेवला तर ४,५०० वर रुपयास ५ पै या दराने ११७ रुपये ३ आणे कर पडतो. सगळा नफा अलीकडे आणला तर उत्पन्न १०,५०० होते, दर ९ पैंवर जातो आणि कर ४९२ रुपये ३ आणे होतो. त्या काळी वरच्या टप्प्याचा दर संपूर्ण उत्पन्नास लागत असे, एवढे ध्यानात ठेवावे. आता त्याने ७०० हाली पलीकडेच ठेवून बाकीचे आणले असते, तर उत्पन्न ९,९०० राहून दर ६ पै आणि कर ३०९ रुपये ६ आणे झाला असता. शेवटच्या ६०० कलदारांनी त्याचे १८२ रुपये १३ आणे नेले! अजमास आधी बांधणारा आणि पैसे आणून मग हिशेब करणारा यांच्यातील अंतर एवढे होते.

१९३९ च्या दुरुस्तीने टप्प्यांची ही पद्धत बदलली आणि वास्तव्याची कसोटी पुढे आली. माणूस वर्षात १८२ दिवस मुलखात राहिला की तो रहिवासी, आणि रहिवाशाच्या साऱ्या जगातील उत्पन्नाचा विचार होऊ लागला. संस्थानांतील उत्पन्नास पुढे सवलत मिळाली. ते ब्रिटिश मुलखात आणले नाही तर त्यावर कर नसे. १८२ दिवसांचा दंडक १९६१ च्या कायद्यात राहिला, २०२५ च्या कायद्यातही आहे. म्हणून यवतमाळहून परदेशी नोकरीस गेलेल्याने प्रथम पगार नव्हे, दिवस मोजावेत. तो अनिवासी ठरला तर परदेशातच मिळालेला तेथील पगार सामान्यतः येथे करपात्र होत नाही. यवतमाळच्या घराचे भाडे मात्र येथलेच उत्पन्न राहते. सरकारी नोकराचे निराळे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ या काळात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनमध्ये होते. अशा पदावरील भारतीय नागरिकाने परदेशात सेवा केली तरी सरकारी वेतन भारतातच उपजले, असे १९६१ च्या कायद्याने धरले.

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर हैदराबादने स्वतःचा प्राप्तिकर कायदा फसली १३५७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास केला. तो फार दिवस चालला नाही. १ एप्रिल १९५० पासून भारताचा कायदा हैदराबादेसही लागू झाला; दर एकदम चढू नयेत म्हणून आरंभी सवलती देण्यात आल्या. त्या दिवसापासून हदगावचा नफा उमरखेडास आणण्यापूर्वी अडत्यास नदीचा हिशेब करावा लागला नाही.