गुणा आणि मिळवा: एका चिपची कुळकथा

आवाजासारख्या इशाऱ्यांचे आकडे भरभर हाताळणाऱ्या डिजिटल सिग्नल प्रोसेसर या चिपचं कूळ शोधायला निघालं की पहिली गाठ पडते ती विमानविरोधी तोफेशी. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीतले गणिती नॉर्बर्ट वीनर एका प्रश्नाने झपाटले होते. तोफेचा गोळा वर पोचायला वेळ लागतो, त्यामुळे विमान दिसतं तिथे नेम धरून भागत नाही. ते जिथे जाणार तिथे धरावा लागतो. मग आतापर्यंतच्या उड्डाणावरून पुढची जागा सांगता येईल का? वीनर यांनी १९४२ साली याचं गणित मांडलं. त्याचा गाभा असा: मागच्या प्रत्येक नोंदीला योग्य ते वजन देऊन गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे, येणारी बेरीज हा पुढच्या नोंदीचा अंदाज. लढाईत या गणिताचा फारसा उपयोग झाला नाही. पण १९४७ मध्ये त्यांचे सहकारी नॉर्मन लेविन्सन यांनी ती वजनं काढायची सुटसुटीत रीत दिली आणि एक विलक्षण हत्यार शांततेच्या काळासाठी तयार झालं.

ते उचललं तेल शोधणाऱ्यांनी. जमिनीत सुरुंग उडवायचा, खालच्या खडकांच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी कागदावर उतरवायच्या, अशी त्यांची पद्धत. अडचण ही की लहर थरांमध्ये पुन्हा पुन्हा आपटत राहते आणि कागदावर प्रतिध्वनींची गर्दी होते. १९५० नंतर एमआयटीतल्या एन्डर्स रॉबिन्सन या तरुण विद्यार्थ्याने त्यातून वाट काढली. प्रतिध्वनी मागच्या नोंदींवरून वर्तवता येतो, नवा थर वर्तवता येत नाही. म्हणून जेवढं वर्तवता येतं तेवढं वजा करायचं. उरतो तो नवा थर. या संशोधनाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत सेसिल ग्रीन होते. डॅलसच्या जिओफिजिकल सर्व्हिस या तेलशोधक कंपनीचे ते एक मालक, आणि १९५१ मध्ये याच कंपनीतून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स उभी राहिली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

साठच्या दशकात हेच गणित माणसाच्या आवाजाला लावलं गेलं. लखनौ आणि बंगळूरला शिकलेले बिष्णू अटल अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करत होते. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो त्याच सुमारास त्याच दिशेने निघाले होते. तोंड, जीभ, घसा यांचा आकार क्षणभर तरी स्थिर असतो. त्यामुळे आवाजाची पुढची नोंद मागच्या दहाएक नोंदींवरून बरीचशी सांगता येते. तेलवाले वर्तवता येणारा भाग टाकून देत. आवाजवाल्यांनी नेमका तोच ठेवून घेतला, कारण तोंडाचा आकार त्या दहा वजनांतच साठलेला होता. मला या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं वळण हेच वाटतं.

आता गणित होतं, पण ते वेळेत करणारं यंत्र नव्हतं. टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला ८,००० नोंदी लागतात, म्हणजे दोन नोंदींमध्ये १२५ मायक्रोसेकंद. इंटेलची ८०८६ ही १९७८ची चिप १६ बिटांचा एक गुणाकार करायला सुमारे २५ मायक्रोसेकंद घेई. म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांत जेमतेम पाच गुणाकार, आणि बाकीचं सगळं काम बाजूलाच. निव्वळ गुणाकार करणाऱ्या वेगळ्या चिपा मिळत, पण त्या महाग होत्या आणि सपाटून तापत.

कोंडी फोडली ती एका खेळण्याने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९७६ साली पॉल ब्रीडलव्ह यांनी मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या बोलक्या खेळण्याची कल्पना मांडली. प्राथमिक चाचपणीसाठी २५,००० डॉलर मिळाले. रिचर्ड विगिन्स आवाजाचे जाणकार, लॅरी ब्रँटिंगहॅम चिप आखणारे, जीन फ्रान्झ बाकीची जुळणी सांभाळणारे. जून १९७८ मध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ लोकांसमोर आलं. त्यात टेप नव्हती, तबकडी नव्हती. उच्चार वजनांच्या रूपात मेमरीत होते आणि एक चिप दर नोंदीमागे वीसेक गुणाकार करून ते पुन्हा आवाजात उतरवत होती. दर २५ मिलिसेकंदांनी नवी वजनं यायची. तोंडाचा आकार बदलायचा. पोराबाळांच्या हातातल्या केशरी-लाल डब्यात सेकंदाला दीड लाखाहून जास्त गुणाकार होत होते.

ही चिप मात्र एकच काम जाणत होती. एरवी सर्किट बांधणाऱ्याची गरज वेगळीच होती. ईसीजीच्या यंत्राचं उदाहरण घ्या. हृदयाचा इशारा मिलिव्होल्टभर, आणि त्यावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण स्वार झालेली. ती काढायला रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर लावता येतो, पण कपॅसिटर छापलेल्या किमतीपासून पाच-दहा टक्के हटलेला असतो, उन्हाळ्यात आणखी हटतो, आणि फिल्टर बदलायचा म्हणजे सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापवायचं. उलट सेकंदाला ५०० नोंदी घेतल्या, तर ५० हर्ट्झचं एक आवर्तन बरोबर दहा नोंदींत बसतं. सलग दहा नोंदींची सरासरी घेतली की गुणगुणीचे चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. नुसती सरासरी ठोक्याचं टोकही बोथट करते, म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळं वजन द्यावं लागतं. पुन्हा तेच: गुणा, मिळवा. फरक इतकाच की आता वजनं बदलली की फिल्टर बदलतो, आणि आकडे उन्हाने तापत नाहीत.

म्हणून हवी होती ती हे काम भरभर करणारी, पण कुठलाही प्रोग्रॅम भरता येणारी चिप. १९७९च्या इंटेल २९२० मध्ये इशारा आकड्यांत आणायची आणि आकड्यांतून परत काढायची सोय आतच होती, पण गुणाकार करणारं अंग नव्हतं. १९८० मध्ये जपानच्या एनईसीने आणि बेल लॅब्जने आपापल्या चिपा मांडल्या. आणि १९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस३२०१० जाहीर केली. सुरेंदर मगर आणि वाँडा गॅस हे तिच्या रचनाकारांपैकी.

तिच्या पोटात डोकावून पाहण्यासारखं आहे. प्रोग्रॅमची मेमरी वेगळी, आकड्यांची वेगळी, त्यामुळे एक सूचना पार पडत असतानाच पुढची उचलता येई. बहुतेक सूचनांना २०० नॅनोसेकंद, गुणाकारालासुद्धा तेवढेच. आणि तिच्यात एलटीडी नावाची एक सूचना होती. ती एका दमात तीन कामं करी: नवी नोंद गुणाकारासाठी उचले, आधीचा गुणाकार बेरजेत टाके, आणि ती नोंद मेमरीत एक घर पुढे सरकवे, म्हणजे पुढच्या फेरीला ती एका पायरीने जुनी झालेली असे. पाठोपाठ गुणाकाराची सूचना. या दोन सूचनांची जोडी, म्हणजे ४०० नॅनोसेकंद, जितकी वजनं तितक्या वेळा लिहिली की फिल्टर तयार! वीनर यांच्या समीकरणातली एकेक पायरी या जोडीत जशीच्या तशी उतरलेली दिसते. आकड्यांसाठी मेमरी होती फक्त १४४ घरांची, त्यामुळे प्रोग्रॅमरला घर न् घर हिशोबाने वापरावं लागे.

ती मॉडेममध्ये गेली, लष्करी उपकरणांत गेली, आणि १९८७ मध्ये तिच्या कुळातली एक चिप ‘ज्युली’ नावाच्या बोलक्या बाहुलीतही बसली. मोठा संसार मात्र मोबाइलने मांडला. सुरुवातीचा जीएसएम फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करी, प्रत्येकाची आठ वजनं काढी आणि ती वजनं, सोबत उरलेल्या भागाचा गोषवारा, सेकंदाला १३,००० बिटांत पाठवी. साध्या डिजिटल टेलिफोनला ६४,००० लागतात. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला भारतातला पहिला मोबाइल कॉल केला, तोही याच गणिताच्या जिवावर.

आज सुटी सिग्नल प्रोसेसर चिप विकत घ्यायची वेळ कमीच येते. एआरएमने २०१० मध्ये कॉर्टेक्स-एम४ आणला, तेव्हा एका फटक्यात गुणाकार-बेरीज करणारं अंग साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये आलं. वरचा ईसीजीचा फिल्टर आता कॉलेजातली मुलं काही शे रुपयांच्या बोर्डावर चालवतात. दुसऱ्या टोकाला, गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या पहिल्या टीपीयू चिपमध्ये गुणून मिळवणारे ६५,५३६ घटक शेजारी शेजारी बसवलेले होते. तिथे वजनं कुणी गणिताने काढून देत नाही. लाखो उदाहरणं दाखवून ती यंत्राकडूनच घडवून घेतात.