हायपो, ॲसिड आणि फाइलमधला कागद

एका रुग्णालयाच्या भांडारात मी बरीच वर्षं कारकुनी केली. कविता लिहिणारा माणूस दिवसभर फिनाइलचे डबे मोजतो, याची मित्रांना गंमत वाटे. मलाही वाटायची. पावसाळ्यातल्या एका सकाळी ती गंमत संपली.

सफाईच्या मावशी संडासात ॲसिड टाकून घासत होत्या. पिवळे डाग निघेनात, म्हणून त्यांनी वरून हायपो ओतलं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. घरी आपण ज्याला ब्लीच म्हणतो तेच. दार लोटलेलं, खिडकी पावसामुळे बंद. आम्हाला आधी ऐकू आला तो खोकला. मावशींना उचलून मोकळ्या हवेत आणलं, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी त्या घरी गेल्या.

नंतर मी भांडारातलं कपाट उघडलं. मालाबरोबर आलेलं सुरक्षेचं माहितीपत्रक फाइलमध्ये होतं. इंग्रजी, बारीक टाइप. त्याच्या दहाव्या भागात स्वच्छ लिहिलेलं होतं की ॲसिडशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. त्या कागदाला भोक पाडून तो फाइलला मीच लावला होता. वाचला मात्र नव्हता.

बी.ए.ला माझा विषय मराठी. रसायनशास्त्राशी शाळेनंतर संबंध नाही. पण त्या दिवसापासून मी या वासाचा इतिहास शोधत राहिलो. वास जुना ओळखीचा होता. लहानपणी मशिदीचा हौद ब्लीचिंग पावडरने धुतला की तो दोन-तीन दिवस अंगणात रेंगाळायचा. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल टाकायचा, तेव्हाही तोच.

१७७४ साली स्वीडनमध्ये शेले नावाच्या औषध बनवणाऱ्या माणसाने हा वायू प्रथम तयार केला. या वायूने फुलापानांचा रंग उडतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढे १७८५च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोले याने त्याचा उपयोग कापड पांढरं करायला केला. तोवर कापड कित्येक आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावं लागे. १७९९मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून पावडर बनवण्याचं पेटंट घेतलं. तीच ही ब्लीचिंग पावडर. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना याच चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. इतका उपकारी पदार्थ.

पण तो भरणारे हात कुणाचे होते? इंग्लंडमधल्या विडनेस आणि सेंट हेलेन्स या गावांतल्या कारखान्यांत ही पावडर मोठाल्या कोठ्यांतून फावड्याने पिंपांत भरावी लागे. भरणारे कामगार तोंडावर फ्लॅनेलच्या कापडाचे पदरावर पदर बांधत, चेहऱ्याला चरबी फासत, पायांना कागद गुंडाळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्रकारांनी त्यांची वर्णनं लिहून ठेवली आहेत. मला ते फडकंच या पदार्थाचं पहिलं माहितीपत्रक वाटतं. किती पदर घ्यायचे, हे जुन्या गड्यानेच नव्याला सांगितलं असणार.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने हाच क्लोरीन नळकांड्यांतून शत्रूच्या खंदकांवर सोडला. चारच दिवसांनी आपले हिंदुस्थानी शिपाई त्या रणात उतरले. त्यांच्यातल्या जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूची बाधा मात्र त्यांचा पिच्छा सोडेना. आमच्या संडासात त्या सकाळी तोच वायू होता, फक्त थोडा. हे वाचल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला.

कागद मात्र फार उशिरा आला. १९८४च्या डिसेंबरात भोपाळला जो वायू सुटला तो क्लोरीन नव्हे, मिथाइल आयसोसायनेट. पण त्या रात्री लोकांना पळायचं कुठल्या दिशेला हे ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांना उपचार कशावर करायचे हे. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. १९८९च्या केंद्रीय नियमांनी घातक रसायनांसाठी माहितीपत्रकाचा नमुनाच घालून दिला. २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी एक पद्धत छापली : सोळा भाग, ठरलेला क्रम, लाल चौकटीतली चित्रं. चौथ्या भागात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी आणि साठवण, आठव्यात हातमोजे-चष्मा, दहाव्यात कशाशी मिसळू नये. म्हणजे माझ्या फाइलमधल्या त्या कागदामागे हजारो माणसांचे श्वास होते.

मी तो मराठीत करायला बसलो. कवितेपेक्षा अवघड गेलं. ‘इनकम्पॅटिबल मटेरिअल्स’साठी कोशात पाहून ‘विसंगत पदार्थ’ असं लिहिलं आणि मावशींना वाचून दाखवलं.

“विसंगत म्हंजे काय वो, भाऊ?”

“म्हणजे मावशी, या दोघांचं एकमेकांशी पटत नाही.”

“मग तसं लिवा की. एका बादलीत नांदत न्हाईत म्हनावं.”

तसंच लिहिलं. ‘वायुवीजन पुरेसं ठेवावं’ हे खोडून ‘खिडकी उघडा, मग बाटली उघडा’ केलं. पाच टक्क्यांचं हायपो एक टक्क्यावर आणायचं तर एक मग हायपोला चार मग पाणी, गार पाणी, आणि रोजचं रोज करायचं, कारण उन्हाने नि उष्णतेने त्याचा जोर जातो. हेही लिहिलं. तक्ता भिंतीवर लागला. माझं हे सर्वाधिक वाचलं गेलेलं लेखन असावं, असं मी मित्रांना सांगतो.

पण मावशींना वाचता येत नव्हतं. हे मला तक्ता लागल्यावर कळलं. त्यांनीच उपाय काढला : ॲसिडची बादली लाल, हायपोची निळी, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत. एक सोडून दुसरं वापरायचं तर मध्ये भरपूर पाणी ओतायचं. पुढे कामाला नवी मुलगी आली. मावशी तिला बादल्या दाखवत होत्या, तेवढ्यात तिने भिंतीवरचा तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “काका, फिनाइलच्या कागदावर काय लिवलंय?”

मी कपाटाची किल्ली काढली.