आडरानातली रात्र आणि खिशातलं सामान

शिकारीवरची जुनी पुस्तकं चाळली तर बंदुका, काडतुसं आणि मारलेली जनावरं यांची वर्णनं पानोपानी सापडतात. रात्री रानात अडकलेल्या शिकाऱ्याच्या खिशात काय होतं, याचा उल्लेख मात्र क्वचित. गेली काही वर्षं मी या दुसऱ्या गोष्टीचा माग काढतो आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले आणि ते बरंच झालं. उत्तर अमेरिकेत परवाना काढून केलेली शिकार आजही चालते. दिवसभरासाठी निघालेल्या माणसाच्या वाट्याला अचानक रात्र आली तर ती कशी काढायची, यावर तिथे शंभराहून अधिक वर्षं लिहिलं जात आहे.

या लेखनाच्या मुळाशी एक चांभार भेटतो. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१-१८९०) हा पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरोचा. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकात लिहीत असे. अंगाने किरकोळ, छातीच्या विकाराने बेजार. जड तंबू आणि ते वाहणारे वाटाडे त्याला परवडणारे नव्हते आणि स्वतः ओझं उचलण्याची ताकद नव्हती. म्हणून त्याने एकेका वस्तूचं वजन कमी करायला घेतलं. १८८३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक भागात २६६ मैलांचा जलप्रवास केला. जे. हेन्री रश्टन या कारागिराने त्यासाठी बांधून दिलेली होडी नऊ फूट लांब आणि जेमतेम पावणेपाच किलो वजनाची होती. पुढच्याच वर्षी त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. होडी, जादा कपडे, पांघरुणाची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, छोटी कुऱ्हाड आणि गळ मिळून आपलं ओझं २६ पौंडांवर, म्हणजे सुमारे बारा किलोंवर कधी गेलं नाही, असं तो त्यात नोंदवतो. त्याच्याच पुढे तो सांगतो, की या सामानानिशी आपण कोणत्याही रात्री उघड्यावर राहायला तयार असायचो. माझ्या मते हलक्या सामानाचा सगळा इतिहास या जोडविधानात आहे. ओझं हलकं असेल तरच ते सोबत येतं, आणि सोबत असेल तरच रात्रीची भीती जाते.

नेसमुकची पद्धत शेकोटीवर उभी होती. चुना आणि तुरटीच्या पाण्यात भिजवून पाणीरोधक केलेलं सुती कापड एका बाजूने उतरतं बांधायचं, मोकळ्या बाजूसमोर ओंडके पेटवायचे. उतरत्या छपरावर आदळून ऊब खाली झोपलेल्या माणसापर्यंत येते. यासाठी दोनच गोष्टी लागत: कुऱ्हाड आणि कोरड्या काड्या. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टन गावच्या वेबस्टर मार्बलने नेमकी हीच गरज ओळखली. रानातल्या इमारती लाकडाचा अंदाज घेत हिंडण्याचा त्याचा व्यवसाय होता. त्याने पात्यावर झाकण बसणारी खिशातली कुऱ्हाड काढली आणि १९०० साली पाणी न शिरणाऱ्या काडेपेटीचं पेटंट घेतलं. बोटाएवढी धातूची नळी आणि वर घट्ट फिरणारं झाकण, इतकीच ती वस्तू. अनेक वर्षं ती शिकाऱ्यांच्या खिशात राहिली.

पण शेकोटीला लाकूड लागतं आणि वाऱ्यापासून आडोसाही लागतो. हे दोन्ही नसतील तर काय होतं, ते ११ नोव्हेंबर १९४०ला दिसलं. पहिल्या महायुद्धाच्या तहाच्या स्मरणार्थ त्या दिवशी सुट्टी होती. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये सकाळची हवा उबदार होती. मिसिसिपीच्या पसरट पात्रातल्या बेटांवर शेकडो शिकारी पातळ कपड्यांत बदकांमागे गेले. बदकंही त्या दिवशी थव्याथव्याने येत होती, कारण ती वादळापुढे पळत होती. दुपारी वाऱ्याने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. पाऊस, मग गारा, मग हिमवृष्टी झाली. काही ठिकाणी पारा दिवसभरात २५ अंश सेल्सिअसहून अधिक उतरला. होडी घालावी तर लाटा उलटवणार, थांबावं तर गारठून जाणार. काही बुडाले, काही बेटांवरच गोठले. एक सतरा वर्षांचा मुलगा आपल्या कुत्र्यांना बिलगून राहिला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड छोटं विमान घेऊन नदीवर घिरट्या घालत होता. अडकलेल्यांना तो वरून अन्न आणि काड्या टाकत होता, बचावाच्या होड्यांना दिशा दाखवत होता. या वादळाने मध्य अमेरिकेत सुमारे दीडशे बळी घेतले. मिनेसोटातल्या ४९ मृतांपैकी जवळजवळ निम्मे बदकांचे शिकारी होते.

त्या वेळी या प्रदेशाचे हवामान अंदाज शिकागोहून निघत. या घटनेनंतर अंदाजाची कामं विभागली गेली आणि चोवीस तास नजर ठेवली जाऊ लागली. शिकाऱ्याच्या खिशाचं उत्तर मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आलं. १९६४ साली नासाच्या मार्शल केंद्रात पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवलेली चादर विकसित झाली. ती वारा अडवते, शरीरातून बाहेर पडणारी बरीचशी उष्णता परत फेकते आणि घडी घातली की तळहातावर मावते. वजन पन्नास-साठ ग्रॅम! पुढे तिच्याच पिशव्या निघाल्या, ज्यांत अख्खा माणूस शिरतो. १९६९ साली बॉब गोरने ताणलेल्या टेफ्लॉनचा शोध लावला. त्यातून १९७६पासून पाणी अडवणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड बाजारात आलं. शिकाऱ्याच्या दृष्टीने हे मोलाचं होतं, कारण चढावर जनावर ओढताना तो घामाने भिजतो आणि थांबला की तीच ओल त्याला गारठवते.

चंदेरी चादरीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिच्यात जाडी नाही. खालची थंड जमीन अंगातली ऊब ओढून घेते, ते ती थांबवू शकत नाही. त्यासाठी खाली पाचोळा, फांद्या किंवा पाठपिशवी घ्यावीच लागते. भिजल्यावरही ऊब देणं हा लोकरीचा गुण तिच्यात नाही. घोंगडीची खोळ करून पावसात उभ्या राहणाऱ्या आपल्या धनगराला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. पण घोंगडीचं वजन काही किलो असतं, आणि मांस पाठीवर घेऊन परतायचं असलेला शिकारी ती तळावरच ठेवून निघतो.

आज अशी पिशवी, लायटर, पेटवण, डोक्याला बांधायचा दिवा आणि शिट्टी, हे सगळं मिळून वजन पाऊण किलोच्या आत बसतं. याचा सर्वांत मोठा उपयोग थंडी वाजायला लागण्याआधीच होतो, असं मला वाटतं. अंधार पडताना ज्याच्याजवळ काहीच नाही, तो माणूस घाईने चालत राहतो, वाट चुकतो, कड्यावरून घसरतो. ज्याच्याजवळ हे सामान आहे तो उजेड असतानाच झाडाचा आडोसा शोधतो, खाली पाचोळा पसरतो, पिशवीत शिरतो आणि सकाळची वाट पाहतो. रात्र गारठ्यातच जाते, झोप लागत नाही. पण उजाडल्यावर तो स्वतःच्या पायांनी चालत तळावर येतो.