विदर्भाचा सामना आज कुठे दिसेल? टीव्ही, ॲप की थेट जामठा

वाशिम, रिसोड किंवा कारंजात बसून आपल्या संघाचा रणजी सामना मोबाइलवर शोधायला गेलं, की पहिला गोंधळ नावाचाच होतो. 'महाराष्ट्र रणजी लाइव्ह' असं टाकलं तर भलताच संघ समोर येतो. आपल्या राज्याचे रणजीत तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वाशिम जिल्हा विदर्भात येतो, आणि या संघाचा कारभार नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे आहे. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकलेला हा संघ आहे. तरीही त्याचे साखळी सामने शोधताना चाहत्यांची दमछाक होते. शोधताना 'विदर्भ' हा शब्द आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव, दोन्ही टाका. निम्मं काम तिथेच होतं.

सगळे सामने का दाखवत नाहीत?

रणजीच्या एलिट गटात ३२ संघ आहेत. म्हणजे एका फेरीत एकाच वेळी १६ सामने, प्लेट गटाचे वेगळेच. प्रत्येक मैदानावर कॅमेरे, प्रक्षेपणाची गाडी आणि समालोचक चार-चार दिवस ठेवणं खर्चिक असतं. म्हणून प्रत्येक फेरीतले मोजकेच सामने प्रक्षेपणासाठी निवडले जातात आणि उरलेल्यांचा फक्त धावफलक मिळतो. बाद फेरीत सामने कमी उरतात, तेव्हा दिसण्याची शक्यता वाढते.

मोठं नाव खेळतंय म्हणून सामना दिसेलच, असंही नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजी खेळायला उतरला. तो सामना मूळ प्रक्षेपणाच्या यादीत नव्हता; चाहत्यांचा रेटा पाहून ऐनवेळी घेतला गेला. मात्र त्याच वर्षी २४ डिसेंबरला विजय हजारे करंडकात कोहलीने १३१ आणि रोहित शर्माने १५५ धावा केल्या, आणि दोघांचेही सामने प्रक्षेपित झाले नाहीत. त्यांची ही गत, तर विदर्भाच्या साखळी सामन्याचं काय घेऊन बसलात!

कोणत्या ॲपवर, कोणत्या वाहिनीवर?

बीसीसीआयने २०२३ ते २०२८ या काळासाठी भारतातल्या सामन्यांचे हक्क व्हायकॉम१८ला दिले. त्यात देशांतर्गत स्पर्धाही आल्या. पुढे ही कंपनी आणि स्टार एकत्र होऊन जिओस्टार झाली. त्यामुळे आता मोबाइलवर जिओहॉटस्टार आणि टीव्हीवर स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्या, एवढंच लक्षात ठेवायचं. जुन्या पोस्टमध्ये जिओसिनेमा किंवा स्पोर्ट्स१८ असं लिहिलेलं दिसतं, ते विसरा. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झालं आणि तीनच दिवसांनी विदर्भाचा मुंबईविरुद्ध उपांत्य सामना होता. ऐन हंगामात ॲप बदलल्याने कित्येकांची धांदल उडाली.

पॅकचे पैसे भरण्याआधी ॲपच्या वेळापत्रकात सामना खरंच आहे का, ते बघा. केबल किंवा डिश असेल तर ती वाहिनी आपल्या पॅकमध्ये आहे का, तेही तपासा.

डीडी फ्री डिशवर रणजीची वाट पाहण्यात अर्थ नाही. २००७ च्या कायद्यानुसार खासगी वाहिन्यांना ठरावीक सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात. भारतीय संघाचे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-२० सामने त्या यादीत आहेत, रणजी नाही.

सामना दाखवणारच नसतील तर?

बीसीसीआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशांतर्गत सामन्याचा धावफलक असतो. क्रिकबझ आणि क्रिकइन्फोवरही तो मिळतो. तो वाचताना एक गोष्ट माहीत हवी : सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावातल्या आघाडीचं वजन मोठं असतं. साखळीत निर्णायक विजयाला ६ गुण, अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. बाद फेरीत तर आघाडीवरच निकाल लागतो. २०२५ चा अंतिम सामना तसाच गेला. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित, ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा. दानिश मालेवारच्या पहिल्या डावातल्या १५३ धावा म्हणूनच सोन्याच्या ठरल्या. त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला.

फेसबुक आणि यूट्यूबवर 'थेट' म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंपासून मात्र सावध राहा. अनेकदा ते कॉम्प्युटर गेमचं चित्रण असतं आणि खाली खरा धावफलक चिकटवलेला असतो. त्यात फक्त वेळ जातो. खरा धोका व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरच्या 'फुकटात बघा' लिंकचा. ती एपीके फाइल डाउनलोड करायला लावत असेल किंवा ओटीपी मागत असेल, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

नागपूरला जाऊनच पाहायचा असेल तर?

रणजीच्या साखळी सामन्यांना सहसा तिकीट लागत नाही. पण नागपुरात असोसिएशनची मैदानं दोन आहेत : एक शहरात सिव्हिल लाइन्सला, दुसरं वर्धा रोडवर शहराबाहेर जामठ्याला. रणजी दोन्हीकडे होते. सामना कुठे आहे हे धावफलकावर मैदानाच्या नावासह दिलेलं असतं. ते न बघता निघालात, तर अर्धी सकाळ रिक्षात जाईल. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांना तो सोयीचा. रेल्वेने जायचं तर वाशिमहून अकोला आणि तिथून नागपूर. खेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होतो, म्हणून रेल्वेने जाणाऱ्यांनी आदल्या रात्रीच निघालेलं बरं. आणि हंगाम सलग नसतो : २०२४-२५ पासून रणजीचा पहिला टप्पा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि दुसरा जानेवारीपासून होतो, मधल्या काळात एकदिवसीय आणि टी-२० स्पर्धा.